लोकमान्यांचे पथ्य

दरवर्षी श्रावण लागला की स्मरणिकेसाठी लेख मागणारा मंडळाचा फोन येतो आणि दरवर्षी आम्ही कचेरीतल्या कामाचे निमित्त सांगून सुटका करून घेतो. यंदा आम्हीच फोन केला. त्याचे कारण असे.

आम्ही राज्य शासनाच्या आरोग्य खात्यात औषध वाटपाच्या खिडकीवर बसतो. फार्मसीचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि तेव्हापासून पर्ची वाचून गोळ्या मोजून देणे हेच काम. ही उपाशीपोटी, ही जेवणानंतर, गोड बंद, भात कमी, रोज चालायला जा, हे सांगून सांगून तोंडाला पाठ झाले आहे. यंदा जूनमध्ये तपासणीत आमचाच रिपोर्ट आला. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २५४, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.१. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहून आम्ही आमच्याच सहकाऱ्याकडून मेटफॉर्मिनची पाकिटे घेतली. त्याने तेच पाठ केलेले बोल आम्हाला ऐकवले. ऐकताना फार राग आला.

त्याच आठवड्यात मंडळाच्या खोलीत उत्सवाचे सामान काढण्यासाठी गेलो होतो. मखर, समया, झांजा, आणि कापडात गुंडाळलेली लोकमान्यांची तसबीर. दरवर्षी गणपतीच्या उजव्या हाताला ती लावतो. पुसता पुसता एकदम आठवले की यांनाही हाच आजार होता. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते. जन्म, केसरी, खटला, मंडाले, स्वराज्य, पुण्यतिथी, एवढेच आपल्याला माहीत असते. ज्या माणसाने आपला हा उत्सव चौकात आणला, तो आयुष्याची निदान शेवटची बारा वर्षे मधुमेहाचा रोगी होता आणि त्याच्या हाती औषध म्हणावे असे काहीही नव्हते. मग त्याने काय केले, हे पाहावेसे वाटले. त्यांची सिंहगर्जना लहान मुलांनाही पाठ आहे, म्हणून ती इथे देत नाही.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृतात आणि गणितात निष्णात. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब पुण्यास आले. सोळाव्या वर्षापर्यंत आईही गेली होती आणि वडीलही. त्याआधी लग्न झालेले, पत्नी सत्यभामाबाई. डेक्कन कॉलेजात नाव घातले तेव्हा प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून आखाडा, पोहणे, होडी वल्हवणे यांत घालवले. परीक्षेत नापास झाले, पण शरीर असे कमावले की पुढे तीन तुरुंगवास त्यावर निभावले. वसतिगृहातल्या नाजूक मित्रांच्या औषधाच्या बाटल्या ते खिडकीतून बाहेर फेकून देत आणि त्यांना तालमीत ओढून नेत, अशी एक आठवण सांगितली जाते. औषधाच्या खिडकीवर बसणाऱ्याला ती गोष्ट जरा झोंबते, पण त्या काळच्या बहुतेक बाटल्यांत काय असे हे आम्ही शिकलो आहोत, तेव्हा फार मोठे नुकसान झाले असेल असे वाटत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा. कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. फर्ग्युसन कॉलेज १८८५, तिथून राजीनामा १८९०. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार, तीन वर्षांनी शिवजयंतीचा. १८९७ च्या प्लेगनंतर राजद्रोहाचा पहिला खटला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी. तुरुंगातले अन्न मानवले नाही, वजन फार उतरले. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधी सुटून आले आणि हवापालटासाठी सिंहगडावर गेले.

शुगरच्या बाबतीत त्या वेळचे वैद्यक कुठे होते हे इथे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. रोग जुनाच. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या चरक-सुश्रुतांना माहीत होते आणि मधुमेह हे नाव त्यांनीच ठेवले. एक प्रकार कृश माणसांचा, एक स्थूल आणि बैठ्या माणसांचा, इतका बारकावाही त्यांनी नोंदला. पण रोग कुठून येतो याचा पत्ता १८८९ मध्ये लागला. स्ट्रासबर्गला मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोन डॉक्टरांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याच्या लघवीत साखर आली. पत्ता लागला, इलाज नाही. मोठमोठे डॉक्टर अफू देत, कारण तिने निदान तहान आणि तळमळ कमी होई. बाकी सारा भर खाण्यावर. कोणी नुसते मांस खायला सांगे, कोणी पिष्ट बंद करी. १८७० मध्ये पॅरिसला जर्मनांचा वेढा पडला आणि शहरात अन्न मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर घटल्याचे बुशार्दा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने टिपून ठेवले. वेढ्याने जे पॅरिसकरांकडून करून घेतले, ते लोकमान्यांनी पुढे तुरुंगात आपल्या मनाने केले.

२४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांना अटक झाली. तेव्हा वय ५१ आणि मधुमेह जडलेला होता. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी चालवला, त्यात या आजाराचाही उल्लेख होता. न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला. मग लोकमान्य स्वतःच आपले वकील झाले आणि कित्येक दिवस मिळून सुमारे एकवीस तास बोलले. ज्याची शुगर वाढलेली आहे त्याला विचारा, तासभर सलग बोलले की घशाला कशी कोरड पडते आणि दर थोड्या वेळाने का उठावे लागते. २२ जुलैला रात्री निकाल लागला. सहा वर्षे काळे पाणी. त्याच रात्री मुंबईहून साबरमतीला, आणि सप्टेंबरात तिथून बोटीने ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात. सक्तमजुरीची शिक्षा पुढे साध्या कैदेवर आणण्यात आली.

मंडालेचा उन्हाळा आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्याची आठवण करून देईल असा, आणि राहायला लाकडी फळ्यांची खोली. स्वयंपाकाला साताऱ्याकडचा कुलकर्णी नावाचा एक कैदी दिला होता. तिथे आजार बळावला तेव्हा लोकमान्यांनी आपल्या ताटावरच कारवाई केली. भात सोडला, गहू सोडला आणि सातूच्या पिठावर राहिले.

इथे ग्वाल्हेरकरांसाठी खुलासा करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गूळ घालून पितात तो सत्तू बहुतेक हरभऱ्याचा असतो. जुन्या मराठीतला सातू म्हणजे यव, हिंदीतला जौ. प्रमेहाच्या रोग्याने यव खावेत हे चरकसंहितेत आहे. आजचे आहारतज्ज्ञ सांगतात की जवात एक चिकट तंतू असतो, तो पोटात बुळबुळीत होतो आणि त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आम्हाला डिप्लोमाला यातले काही शिकवले नाही. आम्ही गोळ्यांची नावे शिकलो.

कोंकणस्थ माणसाने भात सोडायचा, तोही एक दिवस नव्हे, महिनोन् महिने, तुरुंगात, जिथे जेवण हाच दिवसातला एक विसावा, हे आम्हाला २५४ चा आकडा येईपर्यंत कळले नव्हते. आमच्या सौ. आमच्या ताटात भाताची मूद अर्धी करू लागल्या त्या दिवशी घरात दोन तास अबोला होता.

त्या सातूवर त्यांनी काम काय केले तेही पाहा. १९१० च्या नोव्हेंबरात गीतारहस्य लिहायला घेतले आणि १९११ च्या मार्चअखेर संपवले. शाई मिळत नसे, शिसपेन्सिलने, पाने मोजून दिलेल्या वह्यांत. शिवाय पाली, फ्रेंच, जर्मन यांचा अभ्यास, आणि शेकडो पुस्तकांचे वाचन. शुगर वाढली की डोळ्यांपुढे अंधुक येते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते आणि सकाळी अंग मोडून येते. आम्ही ते अनुभवले आहे, तेव्हा पाच महिन्यांत एवढा ग्रंथ म्हणजे काय याचा थोडाफार अंदाज आम्ही करू शकतो. पथ्य बिघडले असते तर तो ग्रंथ झाला नसता, असे आमचे मत आहे. विद्वानांनी या दिशेने विचार केलेला आमच्या वाचनात नाही.

सत्यभामाबाई ७ जून १९१२ रोजी पुण्यास वारल्या. तुरुंगात तार पोचली. एकेचाळीस वर्षांचा संसार तारेत संपला. त्यानंतर आणखी दोन वर्षे मंडालेतच काढून १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यास परतले.

आता हा माणूस स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण पुढच्या सहा वर्षांचा हिशेब पाहा. १९१५ ला गीतारहस्य छापून निघाले. १९१६ ला होमरूल लीग, पुन्हा एक खटला आणि त्यातून हायकोर्टात सुटका, आणि वर्षअखेर लखनौचा करार. त्याच वर्षी साठी झाली तेव्हा लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली, ती त्यांनी लोककार्याला परत केली. मग गावोगाव व्याख्याने. १९१८ ला व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या दाव्यासाठी विलायत, दावा हरले, खर्चाने कंबरडे मोडले. १९१९ च्या शेवटी परत येऊन लगेच अमृतसर काँग्रेस. हे सारे आगगाडीत, परक्या घरांत, वेळी-अवेळी जेवून, आणि मधुमेह अंगात. पथ्याला सर्वांत वाईट गोष्ट कोणती, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही सत्कार हेच उत्तर देऊ. जिथे जावे तिथे पेढे.

१९२० च्या जुलैत ते मुंबईत होते, उतरले होते त्याच सरदारगृहात जिथे बारा वर्षांपूर्वी पकडले गेले. एके दिवशी मोटारीतून फिरून आल्यावर थंडी वाजून ताप भरला. प्रथम हिवताप वाटला, मग न्यूमोनिया झाला. २३ तारखेला चौसष्ट पूर्ण झाली ती आजारपणातच. ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर, १ ऑगस्टच्या पहिल्या तासात, प्राण गेला. भर पावसात लाखो लोकांनी चौपाटीच्या वाळूत त्यांना निरोप दिला.

एक वर्ष गेले. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला. पहिला डोस अशुद्ध निघाला. कॉलिप यांनी तो शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. पुढे तेरा वर्षे तो जगला. शोधाचे पेटंट त्या लोकांनी एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले.

या लेखाचा विचार डोक्यात आला तेव्हा आम्ही मनाशी एक वाक्य घोळवत होतो की लोकमान्यांना दीड वर्षाचा उशीर नडला. इन्सुलिन थोडे आधी निघाले असते तर स्वराज्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले असते, वगैरे. सभेत टाळ्या घेणारे वाक्य आहे. पण औषधवाल्याच्या बुद्धीने तपासल्यावर ते टिकेना. लिओनार्डला झालेला मधुमेह मुलांचा, ज्यात शरीर इन्सुलिन करतच नाही आणि औषधाशिवाय माणूस फार तर एक-दोन वर्षे काढतो. लोकमान्य निदान बारा वर्षे जगले, तेही सहा तुरुंगात आणि सहा धावपळीत. म्हणजे त्यांचा मधुमेह बहुधा आपल्यापैकी बहुतेकांना असतो तोच, उतारवयाचा. आणि ते गेले न्यूमोनियाने. वाढलेल्या साखरेने शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते हे खरे, पण त्या खोलीत कमी होते ते बहुतेक जंतुनाशक औषध. पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोचायला आणखी वीस-बावीस वर्षे होती. साखरेच्या गोळ्या तर तीस-पस्तीस वर्षे दूर.

शिवाय एक प्रश्न राहतोच. ते पहिले इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातले. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल ज्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्यांनी ते टोचून घेतले असते का? आमचा अंदाज, घेतले असते आणि नंतर पुन्हा प्रायश्चित्तही घेतले असते. हा केवळ अंदाज.

आमचे आजोबा १९२० च्या शेवटी जन्मले. रियासतीत कारकून म्हणून लागले, मध्य भारतात आणि मग मध्य प्रदेशात निवृत्त झाले. त्यांची शुगर पन्नाशीत सापडली. लष्करच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीशेजारच्या कोनाड्यात स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पाच मिली द्रावण, लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळे राहिले तर आजोबा खुशीत, हिरवे झाले तर गप्प, विटकरी झाले तर आजी रागावलेली. आम्हा नातवंडांना तो रंगांचा खेळ वाटे. त्या परीक्षेने कळे ते काही तासांपूर्वीचे, आणि तेही साखर फार वाढून लघवीत उतरली तरच. आधी रॅस्टिनॉन, मग डाओनिल, मग इन्सुलिन. काचेची पिचकारी आणि जाड सुई आजी पातेल्यात उकळे. फ्रिज नव्हता, कुपी माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात असे. कुपीत काय आहे हे आजोबांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही.

आजोबा लोकमान्यांचे परमभक्त. गीतारहस्य उशाशी. पण कोटाच्या आतल्या खिशात कागदात गुंडाळलेला पेढा सापडे, थंडीत मुरेन्याची गजक. डाओनिल घेतली आहे ना, मग चालते, हा त्यांचा हिशेब. १९८७ साली डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या मागे राहिलेली काचेची पिचकारी अजून आमच्या कपाटात आहे.

आज खिडकीवरून जे जाते ते पाहिले तर आजोबांना जादू वाटेल. १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनसारखे हुबेहूब इन्सुलिन जंतूंकडून बनवून घेतात, गाय नको की डुक्कर नको. सुई केसासारखी. बोटाच्या एका थेंबावर पाच सेकंदांत आकडा, आणि दंडाला चिकटवलेली चकती चौदा दिवस मोबाइलवर साखर दाखवत राहते. मेटफॉर्मिन १९५७ पासूनची म्हातारी गोळी, अजूनही पहिली तीच. नव्यांत एक जात अशी की जास्तीची साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढते. ज्या मुंग्यांवरून वैद्य रोग ओळखत, त्या आता औषध लागू पडल्याची खूण झाल्या! या गोळ्या पूर्वी साध्या पगारदाराला परवडत नसत. एकेकाची पेटंट संपली, सिटाग्लिप्टिनचे २०२२ ला, एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चमध्ये, आणि किमती उतरल्या. वजन उतरवणारी आठवड्याच्या सुईची औषधेही आली आहेत, ती सुरुवातीला मोठ्या लोकांचीच होती.

आणि तरी रोज खिडकीवर आजोबांचा हिशेब ऐकतो. गोळी वाढवून द्या, घरी लग्न आहे. गोळी वाढवून द्या, दिवाळी आहे. आम्ही डोळे मोठे करून बघतो, आणि आतून आम्हाला माहीत असते की जूनपर्यंत आमचेही तेच चालले होते. लोकमान्यांना तर ती सोयच नव्हती. वाढवायला गोळीच नव्हती, म्हणून त्यांनी भात कमी केला.

तसबीर पुसून झाली त्या संध्याकाळी आम्ही बाजारातून दोन किलो जव आणले. चक्कीवाल्याने विचारले, हवनासाठी का? हवनाचे जौ कोणी दळत नाही, हे त्याच्याच लक्षात आले आणि तो हसला. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या थापताना तुटल्या. सौ.नी पिठात गरम पाणी घालून, थोडे मळून पाहिले, मग जमल्या. चव मातकट आहे, सवय होते. सप्टेंबरात पुन्हा रक्त द्यायचे आहे.

घरचे मोदक यंदाही एकवीसच होतील, त्यात कपात करायला घरात कोणी तयार नाही. आमच्या वाट्याला एक येईल, त्या दुपारची भाकरी वजा करून.